धुलाई यंत्रासोबतचे एक वर्ष

वर्ष सरत आले की संगीताचे रसिक वर्षभरात आवडलेल्या गाण्यांच्या याद्या काढतात. ध्वनिसंग्रहात काम करणाऱ्या माणसाची यादी त्याच्या नोंदवहीत असते आणि ती वाचायला फारशी रंजक नसते. माझ्या वहीत प्रत्येक तबकडीसाठी एक ओळ असते आणि त्या ओळीत कंपनीचा क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे प्रत्येक मुद्रणाची ओळख म्हणून तबकडीवरच ठोकलेला क्रमांक, आकार, वापरलेल्या सुईची जाडी, फेऱ्यांचा वेग आणि शेरा असे रकाने असतात. या वर्षी जानेवारीत त्यात ‘धुलाई’ हा नवा रकाना आला, कारण त्याच महिन्यात आमच्या टेबलावर तबकड्या धुण्याचे, शोषण पद्धतीचे यंत्र येऊन बसले. डिसेंबरअखेर त्या रकान्यात सुमारे 400 तबकड्यांची नोंद झाली आहे. त्यांतील बहुतेक मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या, काही व्हिनाइलच्या दीर्घमुद्रिका म्हणजे एलपी, आणि मोजक्या लॅकरच्या, म्हणजे पत्र्यावरच्या थरात थेट कोरलेल्या आहेत. हे परीक्षण त्या यंत्राचे आहे. मात्र यंदा मी जे जुने संगीत ऐकले, ते जवळजवळ सगळे याच यंत्राखालून गेल्यावर ऐकले असल्यामुळे ते काही अंशी माझ्या वर्षाचेही परीक्षण झाले आहे. यंत्राच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. या पद्धतीची यंत्रे अनेक कंपन्या बनवतात, त्यांची रचना जवळपास सारखी असते आणि पुढे जे गुणदोष सांगणार आहे त्यांतील बरेचसे या रचनेचेच आहेत.

यंत्र दिसायला साधे आहे. हार्मोनियमच्या पेटीएवढा एक खोका, त्यावर तबकडी ठेवण्याची फिरती चकती, मधोमध घट्ट आवळायची मूठ आणि बाजूला आडवी फिरणारी शोषनळी. नळीच्या खालच्या अंगाला लांबट फट असून फटीच्या दोन्ही कडांना मखमलीच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तबकडी फिरू लागली की तिच्यावर द्रव सोडायचा, मऊ केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने दोन-तीन फेऱ्या टेकवून धरायचा, मग उलट्या दिशेने तितक्याच फेऱ्या द्यायच्या, आणि शेवटी शोषनळी तबकडीवर आणून दुसरी मोटर सुरू करायची. नळी तो द्रव मळासकट ओढून आतल्या टाकीत टाकते. दोन फेऱ्यांत तबकडी कोरडी होते. हाताने धुण्यात आणि यात खरा फरक आहे तो या शेवटच्या पायरीचा. हाताने कितीही निगुतीने धुतले, तरी सुटलेला मळ पाण्यात तरंगत राहतो आणि पाणी वाळताना पुन्हा खाचेच्या तळाशी जाऊन बसतो. पुसायला घेतलेल्या कापडाने तो आणखी आत दाबला जातो. शोषणात त्याला परत बसायला वेळच मिळत नाही.

खाचेतला मळ म्हणजे नुसती धूळ, असे मी बरीच वर्षे समजत होतो. लाखेच्या तबकडीच्या मिश्रणात लाखेपेक्षा दगडाची पूड आणि इतर खनिज भरणच जास्त असे, आणि त्या भरणीने पोलादी सुई घासून तिला खाचेचा आकार यावा अशीच त्यामागची योजना होती. म्हणून तर प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याचा नियम होता. तो नियम घरोघर किती पाळला गेला, हे तबकडी पाहताच कळते. घासलेल्या सुईचा पोलादी चुरा, खाचेच्या भिंतींची खरवडलेली पूड, हाताचे तेल, ओलसर कपाटातल्या कागदी पाकिटाची बुरशी आणि काही दशकांची काजळी यांचा मिळून एक राखट लेप तयार होतो आणि तो खाचेच्या तळाशी घट्ट बसतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीसाठी वापरायची सुई टोकाशी साधारण 75 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या 75 हजारांश, त्रिज्येची असते, तर एकश्राव्य म्हणजे मोनो दीर्घमुद्रिकेची सुई 25 मायक्रॉनची. एवढ्या अरुंद जागेत हा लेप असला की सुई संगीतावरून जाण्याऐवजी लेपावरून जाते. पहिल्या महिन्यानंतर मी यंत्राची टाकी रिकामी केली तेव्हा मोरीत पडलेले पाणी शाईसारखे काळे होते आणि तळाशी बोटाला खरखरीत लागणारा गाळ उरला होता. तो गाळ मी लोहचुंबकाजवळ धरून पाहिला. त्यातले काही कण चुंबकाला चिकटले. ही पोलादी सुयांची रक्षा होती आणि आतापर्यंत मी ती हिऱ्याच्या सुईने खाचेत फिरवत होतो, या जाणिवेने थोडे ओशाळायला झाले.

आता मूळ प्रश्न असा, की ऐकण्यात फरक पडतो का? याची चाचणी सांगतात तितकी सरळ नाही. न धुता आधी एकदा वाजवावे आणि धुतल्यावर पुन्हा वाजवून तुलना करावी, असे कोणीही सुचवील, पण मळकट तबकडी वाजवणे म्हणजे तोच चुरा सुईखाली चिरडणे. त्यामुळे ही तुलना मी फक्त ज्यांच्या दुसऱ्या प्रती हाताशी होत्या अशा वीस-बावीस तबकड्यांवर केली. त्यांतल्या सात-आठ तबकड्यांत फरक इतका स्पष्ट होता की शेजारच्या खोलीत बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने उठून येऊन ‘सुई बदलली का’ असे विचारले. तितक्याच तबकड्यांत टकटक कमी झाली, पण खरखर तशीच राहिली. उरलेल्यांत फरक मला ऐकू आला नाही, आणि जो ऐकू येत नाही तो आलेखावर शोधून काढायचा असे मी सहसा करत नाही.

जिथे फरक पडला तिथे नेमके काय मिळाले, ते सांगायला एकच उदाहरण घेतो. 1925 पासून व्यावसायिक ध्वनिमुद्रण विद्युत पद्धतीने, म्हणजे मायक्रोफोन वापरून, होऊ लागले आणि साधारण 100 ते 5,000 हर्ट्झपर्यंतचा ध्वनी तबकडीवर उतरू लागला. त्याआधीच्या भोंग्याच्या काळात भोंग्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने गायलेले तेवढे उमटे आणि मागचा तंबोरा जवळजवळ हरवून जाई. विद्युत मुद्रणाच्या काळातील एका खयालाच्या तबकडीत, जी मी आधी हाताने धुऊन दोनदा वाजवली होती आणि शेऱ्यात ‘तंबोरा नाही’ असे लिहून मोकळा झालो होतो, यंत्राखालून काढल्यावर गायकाच्या पहिल्या आलापाच्या आधी, सुई आत सरकत असतानाच, तंबोऱ्याच्या चार तारा एकापाठोपाठ एक स्पष्ट ऐकू आल्या. पहिली तार पंचमाची होती. आधीच्या नोंदीवर मी रेघ मारली.

तंबोरा सापडण्याचा उपयोग केवळ रसिकाला होतो असे नाही. 78 हा आकडा आपण सवयीने म्हणतो, पण त्या काळातील तबकड्या 70 च्या आसपासपासून 80 च्या वरपर्यंत वेगवेगळ्या वेगाने कोरल्या गेल्या आहेत. 74 फेऱ्यांना कोरलेली तबकडी 78 ला वाजवली की आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आणि हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक तिच्या वरच्या पांढरी दोनच्या जवळ जाऊन गाताना ऐकू येतो. तान चपळ वाटू लागते, आवाज कोवळा वाटू लागतो आणि ऐकणारे त्यावरून गायकाच्या वयाचेही अंदाज बांधू लागतात. खरा वेग ठरवायला साथीच्या हार्मोनियमचा आणि तंबोऱ्याचा आधार लागतो. हार्मोनियमच्या मिळवणीतही फरक असे, म्हणून तो पुरावा एकट्याने पुरत नाही, पण त्याच गायकाच्या इतर तबकड्यांशी ताडून पाहिला की अंदाज बराच पक्का होतो. तबकडीचे भोक मध्यापासून जरा सरकलेले असले तर षड्ज प्रत्येक फेरीला एकदा हेलकावा खातो. हे दुखणे मींडेत झाकले जाते, तंबोऱ्यात लगेच उघडे पडते. यंदाच्या वहीत वेगाच्या रकान्यात खाडाखोड जास्त आहे, आणि तिचे बरेचसे कारण हेच आहे की धुतल्यानंतर मागची साथ ऐकू येऊ लागली.

भोंग्याच्या काळातील तबकड्यांना यंत्राचा उपयोग निराळ्याच ठिकाणी झाला. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकडीच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात, हे जुन्या तबकड्यांच्या शौकिनांना ठाऊक असते. तबकड्या परदेशात दाबल्या जात आणि तिथल्या तंत्रज्ञांना गायक कोण हे कळावे म्हणून नाव पुकारण्याची ही रीत पडली होती. गोष्ट अशी, की हे पुकारणे तबकडीच्या अगदी आतल्या खाचांत येते. तिथे परीघ लहान असल्यामुळे सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्यावर आलेला असतो, आणि त्या काळची पोलादी सुई तिथे पोचेपर्यंत झिजून छिन्नीसारखी झालेली असे. जिथे नाव आहे तिथेच खाच सर्वांत जास्त खरवडलेली आणि चुऱ्याने भरलेली, असा हा योग आहे. या वर्षी अशा तीन तबकड्यांच्या शेवटचे पुटपुटणे धुलाईनंतर शब्दांत आले. त्यांपैकी एका तबकडीच्या लेबलावर छापलेले नाव आणि गायिकेने स्वतः सांगितलेले नाव जुळत नाही. त्यातले कोणते खरे ते अजून ठरायचे आहे.

माझ्या दृष्टीने वर्षातला सर्वांत मोठा लाभ मात्र आवाजाचा नव्हता. लेबलाच्या भोवती, जिथे खाच संपते, त्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक ठोकलेला असतो. एकच चीज गायकाने दोन-तीनदा गायली असेल तर त्या प्रत्येक मुद्रणाला वेगळी खूण मिळे, पण लेबलावरचा विक्रीचा क्रमांक तोच राही. आमच्या संग्रहात एका ठुमरीच्या दोन प्रती होत्या आणि दुसरीवर कित्येक वर्षांपूर्वी कोणी तरी पेन्सिलीने ‘दुबार’ असे लिहून ठेवले होते. ऑगस्टमध्ये ती दुबार प्रत मी निव्वळ नवा ब्रश अजमावण्यासाठी यंत्रावर चढवली. शोषनळी लेबलाजवळच्या पट्ट्यावरून फिरली आणि तिरक्या उजेडात क्रमांकाचे शेवटचे अक्षर वर आले, जे इतकी वर्षे मेणचट थराखाली दडलेले होते. ते पहिल्या प्रतीवरच्या अक्षरापेक्षा वेगळे होते. दोन्ही प्रती एकामागून एक ऐकल्या. मुखडा सारखाच आहे, पण दुसऱ्या मुद्रणात अंतरा वेगळ्या जागेवरून उचलला आहे, आणि शेवटी वेळ संपत आल्याचे लक्षात आल्यावर गायिकेने तिहाई आवरती घेतली आहे. तीन मिनिटांच्या बंधनात गाताना ती काय टाकते आणि काय ठेवते, हे या दोन बाजू शेजारी ठेवल्यावर जितके कळते तितके मला आजवर कुठल्याही वर्णनातून कळलेले नाही. दुबार म्हणून ही प्रत कधीच देऊन टाकली गेली नाही, हे आमचे नशीब.

धुलाईच्या चर्चेत आता कोणी ना कोणी म्हणतोच, की संगणकावर खरखर काढण्याच्या इतक्या सोयी असताना पाण्याचा हा खटाटोप कशाला. मी त्या सोयी रोज वापरतो आणि त्यांना नावे ठेवणार नाही. मात्र आपल्या संगीताच्या बाबतीत त्यांचा एक घोळ आहे. टकटक काढणारे साधन अचानक उसळून विरणारा ध्वनी शोधते, आणि तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवर वाजणारा, ‘ना’ त्याच्या लेखी तसाच असतो. साधन जरा कडक लावले की तबलजीची बोटे बोथट होतात. सतत चालणारी खरखर काढणारे साधन सतत चालणारा ध्वनी ओळखून वजा करते, आणि सतत चालणारा ध्वनी म्हणजे तंबोरा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी साफ केलेल्या फाइली यंदा पुन्हा काढून ऐकल्या. त्यांत गायक पाण्याखाली बसून गातो आहे असे वाटते, मागची तंबोऱ्याची जोडी बेपत्ता आहे, आणि त्या काळी मी शेऱ्यात मोठ्या समाधानाने ‘अतिशय स्वच्छ’ असे लिहिले आहे. खाचेतला मळ पाण्याने गेला की संगणकाकडे सोपवायचे काम कमी उरते आणि साधन हलक्या हाताने चालवता येते. ही बचत मला आलेखावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. अर्थात संगणकावरची मूळ प्रत आम्ही काहीही न काढता ठेवतो. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झला, 1954 साली रूढ झालेला दीर्घमुद्रिकांचा समीकरण-वक्र न लावता, सपाट. तो वक्र वरचे सूर उतरवतो आणि खालचे चढवतो, आणि त्याआधीच्या तबकड्या त्या हिशेबाने कोरलेल्याच नसल्यामुळे त्यांच्यावर तो लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा घालण्यासारखे आहे.

आता तक्रार. ती मोठी आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

यंत्रासोबत कंपनीने धुलाईच्या द्रवाची बाटली दिली होती आणि सोबतच्या पत्रकात ‘सर्व प्रकारच्या तबकड्यांसाठी’ असे छापले होते. बाटलीचे झाकण उघडताच स्पिरिटचा ओळखीचा वास आला. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख कशात विरघळवतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला त्या क्षणी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. छापील शब्दावर विश्वास ठेवण्याची आमच्या पेशातली खोड नडली, आणि एका लाखेच्या तबकडीवर तो द्रव सोडून ब्रश टेकवला. दोन फेऱ्यांत पाणी काळेभोर झाले आणि मला वाटले, वा, काय मळ निघतो आहे. तो मळ नव्हता, तबकडीच होती. शोषण झाल्यावर दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा जिथे ब्रश पहिल्यांदा टेकला होता तिथली झळाळी गेली होती आणि धुरकट पट्टा उमटला होता. वाजवल्यावर त्या पट्ट्यात प्रत्येक फेरीला श्वास सोडल्यासारखी फुसफुस येते. ती दुर्मीळ नव्हती, दुसरी चांगली प्रत संग्रहात होती, एवढाच काय तो दिलासा. कंपनीला लिहिले, तेव्हा पत्रकातील मजकूर ‘प्रामुख्याने व्हिनाइलला उद्देशून’ असल्याचे आणि पुढच्या आवृत्तीत खुलासा करण्याचे उत्तर आले. नोव्हेंबरमध्ये मागवलेल्या दुसऱ्या बाटलीसोबत तेच पत्रक आले आहे. व्हिनाइलला स्पिरिटमिश्रित द्रव चालतो, लाखेला अजिबात चालत नाही, हे दोन ओळींत छापता येते. ज्याच्याकडे एकच प्रत आहे आणि ज्याने ती आयुष्यभर जपली आहे, असा माणूस हे पत्रक वाचून काय करून बसेल, याचा विचार केला की मला या यंत्राची शिफारस करताना आजही अडखळायला होते.

त्या दिवसापासून लाखेच्या तबकड्यांसाठी आम्ही डिस्टिल्ड पाणी वापरतो आणि लिटरभर पाण्यात फिल्म धुताना शेवटी वापरतात त्या द्रव्याचे काही थेंब घालतो. त्याने पाण्याचा ताण कमी होतो आणि ते थेंबाथेंबाने न थांबता खाचेत पसरते. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरी धुलाई करतो, म्हणजे त्या द्रव्याचा अंश मागे राहत नाही. दुप्पट वेळ जातो. लाखेच्या आणि व्हिनाइलच्या तबकड्यांचे ब्रश आणि मखमली पट्ट्या पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांवर रंगीत खुणा केल्या आहेत, कारण लाखेच्या तबकडीतून निघालेला पोलादी चुरा पट्टीत अडकून व्हिनाइलवर फिरला तर त्याने ओढलेली रेघ कुठल्याही धुलाईने जात नाही.

बाकीचे दोष लहान आहेत, पण रोजच्या कामात तेच जास्त टोचतात. शोषणाच्या मोटरचा आवाज घर झाडण्याच्या यंत्रासारखा आहे. ज्या खोलीत दिवसभर कानांनी बारकावे टिपायचे, त्याच खोलीत असा आवाज काढणे हा विनोद आहे. पहिल्या आठवड्यानंतर आम्ही यंत्र बाहेरच्या व्हरांड्यासारख्या जागेत हलवले आणि कानात बोळे घालू लागलो. शोषनळी 12 इंची तबकडीच्या मापाची आहे. 10 इंचीसाठी वेगळी नळी घ्यावी लागते आणि लाखेच्या तबकड्या बहुतांशी 10 इंचीच असतात, तेव्हा तीच मूळ यंत्रासोबत यायला हवी होती. मधली मूठ नीट आवळली तर लेबल कोरडे राहते. मात्र जुन्या तबकड्या सपाट नसतात, आणि उचललेल्या कडेच्या तबकडीवर पाणी लेबलाकडे धावते. दोन लेबलांचा रंग असा गेला आहे. व्हिनाइलवर शोषनळी दोनपेक्षा जास्त फेऱ्या फिरवली तर तबकडी कोरडी होऊन विजेचा भार धरते आणि खोलीतली धूळ तिच्याकडे ओढली जाते. म्हणजे जितके जास्त धुवावे तितकी मळते. मखमली पट्ट्या झिजतात, आणि त्या झिजल्याचे यंत्र सांगत नाही. तबकडीवर शोषणानंतर ओलसर कडी राहू लागली की आपण समजून घ्यायचे.

जे या यंत्राच्या हातात नाही, त्याचे खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही. जड ग्रामोफोनने झिजवलेली खाच धुतल्याने भरून येत नाही. तिथे जाडी बदलून पाहिलेली सुई खाचेच्या भिंतीचा न झिजलेला भाग पकडते का, एवढेच पाहायचे असते, आणि यंदाही काही वेळा सुईच्या बदलाने धुलाईपेक्षा जास्त दिले. तडा गेलेली तबकडी यंत्रावर चढवू नये. लॅकरच्या तबकड्यांचे तर काम फारच नाजूक असते. अल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर देऊन थेट कोरलेल्या या तबकड्यांची बहुधा दुसरी प्रत नसतेच. त्यांच्यावर पांढरट साय धरते, थर आकसतो आणि एक दिवस पापुद्रे सुटू लागतात. आमच्याकडे आलेल्यांपैकी ज्यांचा थर अभंग होता त्यांतल्या चार मी धुतल्या, तेही शोषणाचा जोर कमी करून आणि एका हाताने मोटरचे बटण धरून. पाचवीच्या कडेला बारीक जाळे दिसले तेव्हा तिला हात लावला नाही. ती आहे तशी वाजवली, एकदाच, आणि जे निघाले ते निघाले. चुंबकीय फितींचा या यंत्राशी संबंध नाही. त्यांचे दुखणे वेगळे, त्यांचा चिकटपणा मंद उष्णतेत तासन् तास ठेवून तात्पुरता घालवावा लागतो, आणि त्या कामात वर्षाचे दोन महिने गेले एवढे सांगून पुढे जातो.

वेळेचा हिशेब विचारणारे बरेच भेटतात. लाखेच्या तबकडीची एक बाजू दोन धुलाया, वाळणे आणि पाकीट बदलणे धरून आठ-नऊ मिनिटे घेते. त्या बाजूवरचे संगीत तीन मिनिटांचे असते आणि संगणकात ते शंभर मेगाबाइटच्या थोडे वर जागा व्यापते. हे प्रमाण ऐकून लोकांना हसू येते. पण सुई निवडणे, वेग ठरवणे, नोंद लिहिणे यांसह एका बाजूला तसाही अर्धा तास लागतो आणि ही तबकडी आणखी पन्नास वर्षांत पुन्हा कोणी वाजवण्याची शक्यता कमीच असते. त्यामुळे जो एक अर्धा तास तिच्या वाट्याला येणार आहे, त्यातली नऊ मिनिटे पाण्यात गेली तर मला ती गेल्यासारखी वाटत नाहीत. ज्यांच्या घरी पन्नास-साठ दीर्घमुद्रिका आहेत आणि त्या बऱ्या स्थितीत आहेत, त्यांनी मात्र या यंत्राच्या मागे लागू नये. डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, तंतू न सोडणारे कापड आणि लेबल झाकायला एक चकती एवढे त्यांना पुरेल. ज्यांच्याकडे शेकड्यांनी तबकड्या आहेत आणि त्या ऐकण्यापलीकडे जपून पुढे द्यायच्या आहेत, त्यांनी यंत्र जरूर घ्यावे, 10 इंची नळी सोबतच मागावी आणि बाटली पत्रकासकट बाजूला ठेवावी.

पुढच्या खेपेतली पहिली पत्र्याची पेटी कालच उघडली आहे. वरच्या तबकडीचे लेबल बुरशीने खाल्ले असून कंपनीच्या क्रमांकाचे पहिले दोनच आकडे वाचता येतात. बाकीचे काही कळायचे ते लेबलाभोवतीच्या पट्ट्यावरूनच कळेल, आणि तो पट्टा आत्ता मळाने सपाट दिसतो. यंत्राच्या मखमली पट्ट्या मागच्या आठवड्यात ओली कडी सोडू लागल्या. नव्या मागवल्या आहेत. त्या येईपर्यंत ही तबकडी नव्या पाकिटात घालून उभी ठेवली आहे आणि वहीत तिच्यासमोर धुलाईचा रकाना तेवढा कोरा आहे.